उलट्या वहाणा

सोमवार, १ फेब्रुवारी १९८८

आले बाई एकदाची! ट्रंक, वळकटी, दुर्बीण आणि मी, चौघेही धडधाकट. डिचोलीहून निघालेली बस खाणीच्या ट्रकांमागून अशी काही रखडत आली की उतरले तेव्हा माझी पांढरी साडी विटकरी झालेली. कंडक्टर म्हणाला, या रस्त्याने पांढरं नेसून येणारी नर्स एक तर नवी असते नाहीतर वेडी. मी म्हटलं, दोन्ही धरा.

कारेवाड्याचं आरोग्य उपकेंद्र म्हणजे दोन खोल्या, एक बाक आणि बाळांना तोलायचा काटा. पाटीवर 'गोवा राज्य' असा ताजा रंग फासला आहे. पाटी कोकणीत, फॉर्म इंग्रजीत आणि समोरच्या देवळातली आरती मराठीत, तेव्हा माझी कुठेच अडचण होऊ नये. नर्सला राहायची खोली आहे, पण तिचे वासे पोखरलेत. म्हणून मी शेजारच्या चंद्रावतीकाकींकडे राहणार. त्यांचे यजमान बार्जवर कामाला, मुली लग्न होऊन पेडण्याकडे गेलेल्या. घरात त्या आणि एक काळा कुत्रा, बस्स. मी कुडाळची आहे म्हटल्यावर काकींनी जाहीर केलं की मी पाहुणी नाही, घरचीच. संध्याकाळी पोदेराकडून, म्हणजे पाववाल्याकडून, माझ्यासाठी वेगळे दोन उंडे पाव घेऊन ठेवले.

खोलीच्या जनेलातून समोरच डोंगर दिसतो. उजवी बाजू गच्च हिरवी, डावी खाणीने कापून नेलेली. डोंगराच्या पलीकडे गाळेवाडी, तीसुद्धा माझ्याच हद्दीत. रस्त्याने जायचं तर डिचोलीला वळसा, दोन बसा बदला, अर्धा दिवस खलास. डोंगरातून पायवाट आहे, सकाळी निघालं तर जेवायला घरी. आधीची नर्स रस्त्यानेच जायची म्हणे. मी डोंगराने जाणार. मला लहानपणापासून पाखरं-जनावरं बघत रानात भटकायचं वेड, आणि इथे सरकार पगार देऊन डोंगर चढायला लावतंय. आई उगाच रडली.

गुरुवार, ४ फेब्रुवारी

आज पहिली फेरी. काकींनी दोनदा सांगितलं की रस्त्याने जा. का, ते सांगेनात. साप आहेत, मग म्हणे गवे आहेत, मग म्हणे वाट मोडली आहे. मी म्हटलं, काकी, एक कारण धरून राहा म्हणजे मला घाबरता येईल. त्यांना हसू आलं नाही.

वाट मुळीच मोडलेली नाही. खाली काजूच्या बागा, गोकुळदास नावाच्या माणसाने पावणीत, म्हणजे लिलावात, घेतलेल्या. उमदा गृहस्थ, बोंडू पिकले की ये म्हणाला. वर किंदळ, घोटिंग, जांभ्याची झाडं. आणि जनावरं? आहेत हो, भरपूर आहेत, पण सगळ्यांच्या पाठी बघून आले! माकडांनी मला बघताच खॅक खॅक करून सबंध डोंगराला वर्दी दिली. मग शेकरू म्हणजे एक तांबडी शेपटी, भेकर म्हणजे झुडपातला एक भुंकार, मोर म्हणजे नुसती फडफड. धनेशाची जोडी तेवढी दूरच्या उंबरावर निवांत बसली होती. दुर्बीण लावली आणि उडाली. इथली पाखरं तपासनिसांसारखी आहेत, मी त्यांना बघण्याआधी ती मला बघून मोकळी.

माथ्यावर मात्र जीव दचकला. वाट चालता चालता एकदम खाणीच्या खड्ड्याच्या कडेला येते. डोंगराचा अर्धा भाग कुणी सुरीने कापून न्यावा तसा नाहीसा झालेला. खाली तळाशी हिरवट पाण्याचं डबकं, त्याच्या काठाने ट्रक मुंग्यांएवढे. वाट थोडा वेळ त्या कडेकडेने जाते आणि मग गाळेवाडीकडे उतरते. कडेला एक मोठी किंदळ आणि तिच्याखाली शेंदूर लावलेला धोंडा आहे, त्याच्याजवळ जरा टेकले.

गाळेवाडीत आनंदीला तपासलं. पहिलटकरीण, हातापायावर सूज, डोळ्यांत रक्ताचा थेंब नाही. दिवस महिनाअखेरचे. नवरा ट्रकवर क्लीनर. तिची थोरली बहीण याच घरात बाळंतपणात गेली, नर्सला आणायला माणूस रस्त्याने गेला आणि नर्स येईपर्यंत सगळं संपलं होतं. आनंदीने माझा हात सोडला नाही. तुम्ही येणार ना, एवढंच विचारत राहिली. मी शब्द दिला. डोंगर आडवा येऊ दे नाहीतर आभाळ, मी येणार.

गुरुवार, ११ फेब्रुवारी

दुसरी फेरी. आजची मजा लिहिलीच पाहिजे.

जाताना किंदळीखालच्या धोंड्याजवळ थांबले. धोंड्याच्या मागे, पानांत अर्ध्या झाकलेल्या, चामड्याच्या वहाणा. नव्या कोऱ्या, मोठ्या मापाच्या, कारागिराने जीव ओतून शिवलेल्या. आणि दोन्ही उलट्या! तळवे वर.

मी देव-भूत मानत नाही. अमावास्येला सुया टोचते, मांजर आडवं गेलं तर मांजराला विचारते कुठे निघालीस. पण उलटी चप्पल मला बघवत नाही, त्याला इलाज नाही. आमच्या घरी दारात चप्पल उलटी पडली की आई हातातलं काम टाकून धावायची, आता घरात भांडण होणार म्हणून. आम्हा भावंडांना तेवढ्यावरून मार बसलाय. तेव्हा माझा हात कधी पुढे गेला तेही कळलं नाही. वहाणा सरळ केल्या, पानं झटकली, जोडीने नीट मांडल्या. आमच्याकडे राखणदाराला वहाणा वाहतात, तशाच या असणार. वाऱ्याने नाहीतर माकडांनी पाडल्या असतील.

आणि परतताना काय झालं! भेकर. वाटेवर, दहा पावलांवर. नर, शिंगं फुटलेला. मी श्वास रोखून उभी. ते पळालं नाही. तोंडातला पाला चघळत राहिलं, शेपटी हलवली, आणि सावकाश वाटेतून बाजूला झालं, मोठ्या माणसाला वाट द्यावी तसं. फक्त एक गंमत वाटली. ते माझ्याकडे बघत नव्हतं. माझ्या थोडं पुढे, माझ्या डोक्यापेक्षा जरा वर बघत होतं.

रविवार, १४ फेब्रुवारी

सुट्टी, म्हणून नुसतीच भटकायला गेले. अशी सकाळ जन्मात मिळाली नव्हती. शेकरू खोडावरून उतरून हाताच्या अंतरावर आलं, त्याच्या कानावरचे केससुद्धा मोजता आले असते. खवले मांजर दिवसाढवळ्या वाटेवर, दुडुदुडु. लांडोर वाटेकडेच्या धुळीत बसलेली, मी शेजारून गेले तरी उठली नाही. माकडं माझ्या डोक्यावरच्या फांदीत बसून एकमेकांच्या उवा काढत होती. एकानेही वर्दी दिली नाही. मला रानाने आपलं म्हटलं, असं वाटून डोळ्यांत पाणी आलं. आलं तर आलं, इथे कोण बघतंय.

चालतानाही दम लागत नाही. काटे साडीला अडकत नाहीत. माझ्या पुढे कुणीतरी चालत असावं, वळणापलीकडे, कारण नव्या चामड्याची करकर सारखी ऐकू येत होती. गोकुळदास असेल म्हणून हाक मारली. करकर थांबली. मी चालू लागले तशी पुन्हा सुरू. उतरल्यावर बघते तर गोकुळदास खाली काजूच्या भट्टीजवळ अनवाणी बसलेला, आणि म्हणे तो आज वर गेलाच नव्हता.

गुरुवार, १८ फेब्रुवारी

आनंदीची सूज वाढली आहे. डिचोलीच्या दवाखान्यात जाऊन राहा म्हणून तिच्या सासूशी भांडले. सासू म्हणते, पाटाचं पाणी आणि गुरं कोण बघेल. म्हणजे बाळंतपण घरीच आणि माझ्याच गळ्यात. ठीक आहे.

येताना गवा भेटला. एकटा, मोठा, पायांत पांढरे मोजे घातलेला. असा गवा भेटला की झाड गाठावं हे मला माहीत आहे. पण तो गुरं चालतात तसा माझ्या बाजूने चालू लागला. त्याच्या अंगाचा वास येत होता, कुशी माझ्या कोपराला लागेल एवढ्या जवळ. उतरणीपर्यंत आला आणि मागे फिरला. मी घाबरले नाही. खरंच नाही घाबरले, आणि आता लिहिताना त्याचीच भीती वाटते आहे.

अंगणात पाय ठेवला तर काकी सूप हातात धरून उभ्या. नेहमी माझ्या अंगावर उड्या मारणारा कुत्रा जमिनीवर पोट टेकून पडलेला, कान मागे. काकींनी विचारलं, "बाय, तुजे वांगडा कोण आयिल्लो?" मी म्हटलं, माझ्यासोबत कोण असणार? त्या माझ्या मागे बघत राहिल्या. मग हळूच, "व्हाणांक हात लायलो गो?"

मी सांगितलं खरं ते. सरळ केल्या, त्यात काय! काकी सूप तिथेच ठेवून आत गेल्या. जेवताना एक अक्षर बोलल्या नाहीत. मला राग आला. काही सांगायचं असेल तर तोंडावर सांगावं.

शनिवार, २० फेब्रुवारी

जे झालं ते क्रमाने लिहिते. मी शहाणी आहे, ताप नाही, उपाशी नाही.

परवापासून काकी बोलत नाहीत, म्हणून आज मुद्दाम डोंगरावर गेले. करकर पुढे होतीच. म्हटलं चल, कोण आहेस ते बघतेच. किंदळीपर्यंत गेले. धोंड्यामागे वहाणा नव्हत्या.

तिथून पुढे वाट छान होती. दोन्ही बाजूंना हिरवं गवत, मोठी जांभळ, तिच्या मुळाशी झरा. ओंजळीने पाणी प्यायले. एक पिसोरी, सशाएवढं हरीण, झऱ्यावर माझ्या शेजारी पाणी पीत होती. आणखी पुढे झाडीत काहीतरी पिवळं हललं. पट्टे! वाघ. या डोंगरावर वाघ संपून किती वर्षं झाली म्हणतात, आणि तो गवतात पंजे पसरून बसला होता. मी एक पाऊल पुढे टाकलं. आणखी नीट दिसावा म्हणून दुसरं उचललं.

तेवढ्यात खाणीचा भोंगा झाला. सुरुंग उडवण्याआधी वाजतो तो. तो आवाज माझ्या पायांखालून आला. थेट खालून.

डोळे मिटून उघडले तर गवत नाही, जांभळ नाही. मी खड्ड्याच्या ओठावर उभी, एक पाय जमिनीवर, दुसरा हवेत. खाली डबकं. ओंजळ भरून लाल माती, आणि तोंडातही तीच माती.

घरी येऊन तीनदा चूळ भरली. उद्या पुन्हा जाणार नाही. पण आनंदीचं काय?

मंगळवार, २३ फेब्रुवारी

गोकुळदास खड्ड्यात पडला. दुपारी, लख्ख उन्हात. मधल्या पायरीवर अडकला म्हणून वाचला. मांडीचं हाड मोडलंय. फळ्या मीच बांधल्या, जीपमध्ये मीच चढवला. दारू प्यायलेला नव्हता. तोंडाशी वाकून वास घेतला मी. वाट होती, नीट होती, हेच सारखं म्हणत होता, "वाट आशिल्ली गे बाय, सारकी आशिल्ली." त्याची हरवलेली शेळी पुढे चरताना दिसली, तिच्यामागे तो गेला. कुणाच्या तरी वहाणा पुढे वाजत होत्या.

बुधवार, २४ फेब्रुवारी

आज महादेव गावकरांकडे गेले. देवापुढे गावाचं गाऱ्हाणं तेच घालतात. थकलेले, हळू बोलणारे गृहस्थ. ओरडतील असं वाटलं होतं, ओरडले नाहीत. सगळं सांगितलं.

डोंगराला राखणदार आहे. दर वर्षी त्याला नव्या वहाणा वाहायच्या, वर्ष संपेपर्यंत त्यांचे तळवे झिजलेले असायचे, कारण तो रोज सीम, म्हणजे गावाची हद्द, फिरतो. वाट चुकलेल्याच्या पुढे चालून त्याला दारापर्यंत आणून सोडायचा. तो सोबत असला की जनावर अंगावर येत नाही, उलट वाट देतं. पिढ्यान्पिढ्या असंच चाललं होतं. मग खाणीने डोंगर कापला आणि त्याची सीमच तोडली. ते त्याला कळलेलं नाही. तो जुन्याच वाटेने चालतो, जिथे डोंगर होता तिथून, आणि त्याच्यासोबत जो असेल त्यालाही सबंध डोंगर दिसतो. तसे दोघे गेले. शेवटी गावाने मांडावर, देवकार्याच्या जागेवर, जमून गाऱ्हाणं घातलं, की बाबा, आता बस, तुझी राखण पुरे झाली. आणि नव्या वहाणा उलट्या ठेवल्या. उलट्या वहाणांत कुणी पाय घालत नाही. तेव्हापासून सगळं शांत होतं.

त्या मी सरळ केल्या.

आता? आता त्या त्याच्या पायांत. त्याने काढून ठेवल्या तरच कुणी उलट्या करणार. त्याला पुन्हा बसवायचं तर सगळ्या बारा घराण्यांनी मांडावर जमायला हवं, आणि ते शिगमो, म्हणजे होळीचा सण, झाल्यावर. तोवर डोंगराची वाट बंद.

मी ऐकून घेतलं आणि मग फाडफाड बोलले. गावात नवीन माणूस येतं, पुन्हा पुन्हा त्या वाटेने जातं, त्याला एवढं सांगायला कुणाची जीभ झडली होती? साप, गवे, मोडलेली वाट, सगळं सांगितलं, हे सोडून! आणि डोंगर विकला कुणी? कापताना गाऱ्हाणं घालायला कोण गेलं होतं? राखणारा आपल्या कामावर हजर आहे, राखायची जागाच तुम्ही जाऊ दिलीत. त्याचं नाव घेऊ नये, असं चढ्या आवाजात बोलू नये, तो ऐकतो, महादेव एवढंच म्हणाले. ऐकू दे की. त्याच्यासाठीच मोठ्याने बोलत होते.

आनंदीचा शिगम्याशी काही संबंध नाही. तिचे दिवस भरलेत.

शुक्रवार, २६ फेब्रुवारी

उपकेंद्रात सकाळी बायका लसीला बसल्या होत्या. व्हरांड्यात करकर. या टोकापासून त्या टोकापर्यंत. बाकावरच्या बायकांनी पाय वर घेतले. एक एक करून उठून गेल्या. बाळांची लस तशीच डब्यात.

काकींच्या अंगणात गवा उभा होता. तुळशीजवळ. ऊन चढेपर्यंत. वाट बघत होता.

मी दारात जाऊन ओरडले. मला सोबत नको! मला माझी वाट सापडते, तू तुझी शोध! गवा गेला. करकर मात्र

नाही, हे लिहिणार नाही. लिहिलं की ते खरं वाटतं.

रविवार, २८ फेब्रुवारी

काकींनी ट्रंक भरून ठेवली होती. कुडाळला जा, आईकडे, रजेचा अर्ज मी पोचवते. रडत होत्या. मी ट्रंक रिकामी केली, साड्या पुन्हा दांडीवर टाकल्या. मी गेले तर तो काय थांबणार आहे? दुसरं कुणी त्याच्यामागे जाईल. आणि मी शब्द दिलाय.

आज जनेलातून डोंगर बघितला. डावी बाजू कापलेली नव्हती.

डोळे चोळले. मग होती.

म्हणजे आता घरातूनही — बरं. दिसू दे. डोळ्यांवर विश्वास ठेवायचा नाही एवढंच. काकींच्या विहिरीची दोरी लांब आहे, पक्की आहे. कडेची तेवढी वाट तिला बांधून घेऊन चालता येईल. बाकी वाट साधी आहे. काकींना बोलून ठेवलं. नाही नाही म्हणत शेवटी हो म्हणाल्या. बाय, तू माझ्या मुलींपेक्षा हट्टी, म्हणाल्या.

सोमवार, २९ फेब्रुवारी

निरोप आला. आनंदीला पहाटेपासून कळा, अंगावरून जातंय. डिचोलीची बस निघून गेली, पुढची दुपारी. खाणीची जीप मिळाली नाही. डोंगरानेच. काकी दोरी आणि कोयता घेऊन निघाल्या. मी पिशवी.

—

किंदळीजवळ आहे. काकी दोरी झाडाला बांधताहेत, तेवढ्यात लिहिते. हात कामात असला की डोकं ठिकाणावर राहतं.

ठरलं ते असं. दुसरं टोक माझ्या कमरेला, गाठ पाठीमागे, काकींच्या हातची. मला भ्रम झाला तरी माझ्या हाताला ती सुटणार नाही. काकी खड्ड्याकडे पाठ करून बसणार, त्यांनाही डोंगर दिसला तर पंचाईत. मी पलीकडे पोचले की ओरडणार. मग त्यांनी झाडाकडची दोरी सोडायची, मी कमरेच्या शेपटासकट धावत सुटणार. गाठ आवळली असेल तर कोयत्याने तोडा म्हटलं, नवी दोरी मी आणून देईन.

पोचले हे ओळखायचं कसं, तेही ठरवलं. डोळ्यांवरून नाही. जनावरांवरून. तो सोबत असला की ती शांत असतात. मला बघून पळाली, ओरडली, तर समजायचं मी सुटले.

आणि — धोंड्यामागे वहाणा! काढून ठेवलेल्या. तळवे झिजलेले, टाचा लाल. एवढ्याशा दिवसांत.

उलट्या केल्या. दोन्ही. दाबून. बस आता! गावाने नाही, मी बसवलं तुला. काकींना सांगितलं. त्या म्हणाल्या कुठल्या वहाणा, मला नाही दिसत. पाठ केली आहे ना त्यांनी, कशा दिसणार.

निघाले.

—

पोचले! पोचले पोचले पोचले.

पायांखाली जमीन पक्की होती, एकदाही डगमगले नाही. मध्ये एकदा घसरले, कमरेला जोराचा हिसका बसला, एवढंच. आता गवतावर बसले आहे. आणि माकडं! खॅक खॅक खॅक, वरून सगळी मिळून ओरडताहेत, माझ्याकडे बघून, फांद्या हलवून! टिटवी किंचाळत घिरट्या घालते आहे. घाबरली मला! सगळं रान मला घाबरलं! एवढा गोड आवाज मी कधी ऐकला नाही.

काकींनी विचारलं, "पावली गो?" मी ओरडले, पावले! सोडा!

म्हणाल्या गाठ भारी आवळली आहे, सुटत नाही, थांब, कोयता घेते. तेवढ्यात हे लिहिते. खाली गाळेवाडीची कौलं दिसतात. आनंदीच्या घरातून धूर निघतोय, पाणी तापत ठेवलं असेल. पळतच जाते. कंबर दुखते आहे, दोरी रुतलीये.

काकींचा आवाज लांबून आला. म्हणजे मागून यायला हवा. वरून आला.

माकडंही वरच

दोरी. माझ्या पाठीकडून गवतावरून मागे जायला हवी. आडवी. ती सरळ वर गेली आहे. डोक्यावरून, ताठ, वर

मी बसलेली नाही

पायांखाली काही

नाही. चढणार मी. दोन हात आहेत, दोरी आहे. शब्द दिलाय. ऐकतोस ना, चढणार

कोयता वाजला

काकी तोडू न